केसपेपरावरचा ‘कन्फ्यूज्ड’

दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी हे ठरत नसलेल्या मुलालाही आपण ‘कन्फ्यूज्ड’ म्हणतो. हे विशेषण इतके सैल झाले आहे की रुग्णालयातील केसपेपरावर ते लिहून आले तरी नातेवाइकांना त्याचे गांभीर्य वाटत नाही, आणि ही बाब मला अतिशय चिंतेची वाटते.

वैद्यकात त्याला नेमका अर्थ आहे. टीसडेल आणि जेनेट या मेंदूच्या शल्यविशारदांनी १९७४ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे शुद्धी मोजण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात बोलण्याला जास्तीत जास्त पाच गुण असतात. आपण कोण, कुठे आहोत, महिना कोणता, हे बरोबर सांगणाऱ्याला पाच. जो वाक्ये धड बोलतो पण ही उत्तरे चुकवतो, तो ‘कन्फ्यूज्ड’ आणि त्याला चार. घडाघडा बोलणारा माणूसही त्यात मोडतो, हे आवर्जून लक्षात घ्यावे.

आमच्या रत्नागिरीकडे वृद्ध माणूस अचानक बरळू लागले की ‘वयोमानाने होतेच’ किंवा ‘बाहेरचे काहीतरी आहे’ असे म्हटले जाते. आमच्या वाडीतील एक आजी आदल्या दिवशी कुळीथ निवडत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या गोधडीचे दोरे चिमटीने उपटत, कधीच वारलेल्या यजमानांना पेज वाढा म्हणून सांगत होत्या. दुपारी बऱ्या वाटायच्या, रात्री पुन्हा तेच. घरच्यांनी आधी देवाला गाऱ्हाणे घातले. गाऱ्हाण्याला माझा विरोध नाही, परंतु त्यापायी रक्त-लघवीची तपासणी लांबली, याला आहे. लघवीत जंतुसंसर्ग निघाला, रक्तातील सोडियमही उतरले होते. उपचारांनंतर आजी सावरल्या.

अशा अचानक आलेल्या भ्रमाला डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश बहुधा महिनोन्महिने हळूहळू वाढतो, तर डिलिरियम काही तासांत किंवा दिवसांत उद्भवतो आणि दिवसभरात कमीजास्त होत राहतो. संसर्ग, अंगातील पाणी कमी होणे, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे घटणारे सोडियम, झोपेची किंवा सर्दीची काही औषधे, अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे निदान लक्ष तरी जाते. गुंगीत मुकाट पडून राहणाऱ्याला ‘शांत झोप लागली आहे’ म्हणून सोडून दिले जाते, आणि त्याचीच मला अधिक काळजी वाटते.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, रुग्णाचा चष्मा आणि कानाचे यंत्र बरोबर असावे, आणि बदल नेमका कधीपासून जाणवला, त्याआधी माणूस कसे होते, हे कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.