शाम्पू गळलेल्या टॉयलेटरी बॅगबद्दल, दोन तारे देणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,

तुमच्या तीन तक्रारी आहेत. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या आमच्या दुकानातून 'वॉटरप्रूफ' म्हणून घेतलेली बॅग सूटकेसमध्ये गळली आणि शाम्पू सिल्कच्या साडीपर्यंत गेला. मुंबई विमानतळावर सनस्क्रीन काढून घेतलं. आणि परत आल्यावर आम्ही बॅग बदलून दिली नाही.

'वॉटरप्रूफ' हा शब्द काउंटरवरच्या मुलाचा नव्हे, माझाच. चुकलो. कापडाला आतून कोटिंग आहे, त्यातून पाणी जात नाही. पण शिवण आली की सुईची भोकं आली, आणि साधी चेन पाणी अडवत नाही. वरून चार थेंब उडाले तर ही बॅग निभावते. आत अर्धी बाटली सांडली तर ती वाट काढतेच. बिनशिवणीच्या, कडा उष्णतेने जोडलेल्या बॅगा मिळतात, पण त्या महाग, आणि ओला ब्रश आत ठेवला की दुसऱ्या दिवशी वास मारतो. म्हणून मी त्या फारशा ठेवत नाही.

शाम्पू का सांडला, तेही सांगतो. विमान वर गेलं की आतला हवेचा दाब जमिनीपेक्षा बराच कमी होतो. बाटलीतली हवा फुगते आणि टिचकीने उघडणाऱ्या झाकणातून शाम्पू बाहेर ढकलते. बाटली जरा दाबून, हवा काढून, मगच झाकण लावायचं; फिरकीचं झाकण असेल तर त्याखाली प्लॅस्टिकचा तुकडा. माझी बायको तर दुधाच्या पिशवीचा तुकडा लावते. आजवर गळलं नाही.

सनस्क्रीनचं मात्र आमच्यावर घेणार नाही. परदेशी विमानात हातातल्या सामानात द्रव, क्रीम, पेस्ट 100 मिलीपर्यंतच्या डब्यांत लागतं, आणि ते सगळे डबे एक लिटरच्या, बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत. आम्ही दिलेली पिशवी बरोबर होती. पण तिथे बघतात तो बाटलीवर छापलेला आकडा. 150 मिलीची ट्यूब अर्धी रिकामी असली तरी ती 150 चीच. परदेशी निघालाय हे तुम्ही सांगितलं होतं, तेव्हा एवढं मी बोलायला हवं होतं, हे कबूल.

बदलून न देण्याचं कारण एवढंच, की बॅग वापरलेली होती. नियम म्हणून ठीक, पण चुकीचा शब्द वापरून विकलेल्या मालाला तो लावायचा नसतो. बॅग आणा, बिल नसलं तरी चालेल. पैसे परत घ्या किंवा हुकवाली घ्या. तुम्ही अवंतिका एक्स्प्रेसने, म्हणजे रात्रीच्या गाडीने, मुंबईला गेलात असं लिहिलंय, म्हणून हुकवाली सुचवतो. बोरिवली यायच्या आधी बेसिनपाशी रांग लागते, आणि तिथे बॅग टेकवायला कोरडी जागा नसते. खुंटीला अडकवली की दोन्ही हात मोकळे. घेताना एकच बघा : हुक आत दुमडला जातो का. नाहीतर सूटकेसमध्ये तोच साडीला अडकायचा.

साडीचं वाईट वाटतं. ड्रायक्लीनिंगची पावतीही बरोबर आणा, ते पैसे मी देतो.