कर्ज आहे म्हणून छप्पर फुकट मिळत नाही: एक खुलासा

‘गृहकर्ज असेल तर पावसात गळणारं छप्पर विमा कंपनी नवं करून देते’ असा मेसेज सध्या गोव्यात फोंडा-डिचोलीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे.

कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा बऱ्याचदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नव्हे. आधी कागद काढून बघा. घराचा असेल, उदाहरणार्थ १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही घरविम्याची पॉलिसी, तर वादळ, पूर, वीज किंवा छपरावर कोसळलेला माड यांनी झालेलं नुकसान त्यात बसतं. कौलं झिजली, वाळवीने कौलांखालच्या लाकडी रीपा पोखरल्या आणि गळती लागली, तर नाही. नुकसान तपासायला येणाऱ्या विम्याच्या सर्व्हेअरला फसवायला जाऊ नका; कौलाची ताजी लाल कड आणि शेवाळ धरलेला जुना तडा यांतला फरक खालूनही दिसतो.

भरपाई दुरुस्तीच्या खर्चावर ठरते, पण मोडलं तेवढ्याचीच. कौलं काढून स्लॅब घालायचा बेत असेल, तर त्याचा जादा खर्च आपला.

फोटो काढल्याशिवाय माड हलवू नका. ताडपत्री मात्र खुशाल घाला, पुढचं नुकसान टाळणं पॉलिसीलाही हवंच असतं. अग्निशामक दल आलं असेल, तर त्यांच्याकडून लेखी दाखला मागून घ्या.