लढाई चालू असताना हिशोब मागतात का?

"लढाई चालू असताना हिशोब मागतात का कधी?" कर्नलने मांडीवर थाप मारून विचारलं आणि आम्ही ओळखलं की आज कोणी लवकर घरी जात नाही. नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो, कर्नल म्हणजे खरा कर्नल नाही. कॉलेजात एनसीसीत होता, बूट सापडले नाहीत म्हणून कॅम्प चुकला, तिथून पुढच्या सगळ्या बढत्या कट्ट्यानेच दिलेल्या.

विषय युक्रेनचा राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कीचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या कार्यालयाचा प्रमुख येरमाकचा राजीनामा, लाचखोरीच्या तपासातल्या टेपा, त्यातला आरोपी मिंडिचचा तो सोनेरी कमोडवाला फ्लॅट, सगळं सगळ्यांनी वाचलेलं, त्यामुळे बातमी कोणी सांगत बसलं नाही, सगळे थेट निकालावर. पश्याचा निकाल तर घरूनच तयार होऊन आलेला. "सगळा देशच चोर आहे यार. युरोपचे पैसे कमोडमध्ये गेले. मदत बंद करा, लढाई आपोआप थांबेल."

मुग्धा तोपर्यंत मोबाईलमध्ये होती. ती ऑडिटमध्ये आहे, तिचा निम्मा जन्म दुसऱ्यांची व्हाउचरं बघण्यात गेलाय, त्यामुळे पैशाचा विषय निघाला की तिचा आवाज चढत नाही, उलट बारीक होतो. म्हणाली, "कमोड युरोपच्या पैशाचा कशावरून? नाबूचा, म्हणजे त्यांच्याच भ्रष्टाचारविरोधी तपास खात्याचा, आरोप असा आहे की एनर्गोआटॉमच्या कंत्राटदारांकडून दहा ते पंधरा टक्के घेत होते. म्हणजे अणुवीज कंपनीचा पैसा, त्यांच्याच लोकांनी भरलेली बिलं. चोरी तुझी झालेली नाही पश्या, त्यांची झालीय, तू कशाला ऊर बडवतोस?"

"पण मग हे आत्ताच बाहेर काढायची गरज काय होती?" कर्नल परत मूळ पदावर. "समोर शत्रू उभा, थंडीचे दिवस, दिवसातले कित्येक तास लाईट नाही, आणि हे लोक आपलीच अब्रू चव्हाट्यावर मांडणार. फौजेत आम्ही..."

"आम्ही?" दिग्या बोलला. दिग्या तासाला एकच शब्द बोलतो पण नेमका बोलतो.

मुग्धाने मग जे सांगितलं ते मला तरी माहीत नव्हतं. म्हणजे वसुली का चालली, तर युद्धकाळातला एक नियम होता, एनर्गोआटॉमकडे थकलेली बाकी कोर्टातून वसूल करता येत नव्हती. नियम बरोबरच म्हणा, उद्या कोणी कंपनीची खाती गोठवली तर देश अंधारात. पण त्यामुळे झालं काय, की कंत्राटदाराने काम करून बसायचं, बिल अडकलं तर दाद कुठे मागायची नाही, आणि मग हे लोक सांगणार की इतके टक्के टाका, बिल निघेल. आपापसात ते याला फाटक म्हणायचे. कामं कसली, तर त्यात वीजकेंद्रांना हल्ल्यापासून वाचवायची बांधकामंसुद्धा. "कर्नल, तुझं वाक्य आहे ना, लढाई चालू असताना हिशोब मागू नका, ते त्यांनी कायद्यात गाठलं आणि त्यावर दुकान टाकलं," मुग्धा म्हणाली.

कर्नल थोडा वेळ शेंगा सोलत राहिला.

मास्तर इतका वेळ गप्प होते कारण त्यांना अंडी आठवत होती. जानेवारी २०२३, युक्रेनच्या संरक्षण मंत्रालयाने सैनिकांच्या जेवणासाठी अंडी १७ रिव्निया (तिकडचं चलन) नगाने धरली होती आणि कीवच्या दुकानात तेव्हा साताच्या आसपास मिळत होती. पत्रकाराने करार छापला. मंत्री रेझनिकोव्हचा खुलासा काय, तर किलोचे नग करताना टेक्निकल चूक झाली. मास्तर गणिताचे, त्यांना हा खुलासा आजही पचलेला नाही. "अहो, किलोत अंडी किती बसतात हे पाचवीतल्या पोराला..." असं म्हणून त्यांनी खरोखर खडू काढला खिशातून, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी खिशात खडू असतो, आणि कट्ट्याच्या फरशीवर मांडायला लागले.

"मास्तर, अंडी म्हटल्यावर आठवलं," पश्या एकदम, "कर्नल, तू ट्रेकला अंडी आणली होतीस, त्याचा हिशोब अजून यायचाय."

"विषय युक्रेनचा चाललाय," कर्नल.

"तेच म्हणतोय."

हा हिशोब फार जुना आहे. सगळ्यांकडून पैसे जमा केले कर्नलने, खर्च केला कर्नलने, आणि विचारलं की म्हणायचा, आधी ट्रेक तर नीट होऊ दे. ट्रेक झाला, पश्याचा गुडघा सुजला, दिग्याचं लग्न झालं, हिशोब नाही. तर ते बाजूला ठेवू.

अंड्यांवर हसलो आम्ही, पण मुग्धाने पुढचं काढल्यावर हसायचं थांबलं. उखळी तोफांचे एक लाख गोळे, दीड अब्ज रिव्नियांचा करार, पैसे २०२२ मध्येच देऊन झालेले, आणि त्यांच्याच गुप्तचर खात्याने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं की त्यातला एक गोळा आला नाही. म्हणजे पोरं खंदकात गोळे मोजून डागतायत आणि पैसा भलत्याच खात्यांत फिरतोय. वर ते युक्रेनमधल्या ख्मेल्नित्स्की जिल्ह्याचं प्रकरण, जिथे अपंगत्वाचं सर्टिफिकेट देणाऱ्या बाईकडे जवळपास साठ लाख डॉलर रोकड सापडली आणि जिल्ह्यातल्या सरकारी वकिलांपैकी कितीतरी जण कागदावर अपंग निघाले. त्यावर देशाच्या मुख्य सरकारी वकिलालाच पद सोडावं लागलं, ऑक्टोबर २०२४.

"बघ कर्नल," मुग्धा म्हणाली, "हिशोब मागणारे शत्रूचे लोक नाहीत. ज्याचा भाऊ आघाडीवर आहे तोच विचारतो की गोळे कुठे आहेत."

इथे नानांनी घसा खाकरला. नाना म्हणजे आमचा सोव्हिएत विभाग. लहानपणी त्यांच्या घरी तिकडची गुळगुळीत कागदाची स्वस्त मासिकं यायची, तेव्हा जडलेलं प्रेम, मधे तो देशच मोडला तरी नानांचं वर्गणीदारपण चालूच आहे. म्हणाले, "रशियात नाही चालत हे असलं. तिथे सरळ आत टाकतात."

"अहो नाना, टाकतात की," मुग्धा म्हणाली. "तिमूर इव्हानोव्ह, रशियाच्या संरक्षण खात्याचा उपमंत्री, बांधकामं त्याच्याकडे. एप्रिल २०२४ मध्ये उचलला, जुलै २०२५ मध्ये १३ वर्षं लागली. आणि त्याचा साहेब, संरक्षणमंत्री शोइगू? खुर्ची बदलून सुरक्षा परिषदेवर. तिकडे चोरी चोरीच्या दिवशी नाही सापडत नाना, मर्जी उतरते त्या दिवशी सापडते."

"पण सापडते ना," नाना हट्टाने.

"आणि रशियातलं कुर्स्क? तिथे युक्रेनच्या सीमेवर तटबंदी बांधायला पैसा दिला, तो खाल्ला असा त्यांच्याच सरकारचा आरोप. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनची फौज सरळ चालत आत गेली. तिथल्या माजी गव्हर्नर स्मिर्नोव्हला एप्रिल २०२५ मध्ये अटक झाली. खरं तर त्या ठेकेदारांना कीवने पदक द्यायला हवं, एकाही तोफेशिवाय अख्खी तटबंदी उडवली."

यावर नानासुद्धा हसले, पण लगेच सावरून म्हणाले की ही सगळी पाश्चात्त्य मीडियाची बातमी. मुग्धा म्हणाली अटक रशियन पोलिसांनीच केलीय, तर नाना म्हणाले मग त्यांच्यातही घुसलेत वाटतं. नानांशी वाद घालायचा नसतो, नाना अनुभवायचे असतात.

माझं विचाराल तर मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते जुलै २०२५ चं, आणि कट्ट्यावर ते जेमतेम दोन मिनिटं बोललं गेलं. २२ तारखेला युक्रेनच्या संसदेने नाबूचे आणि तिच्या खास सरकारी वकिलांचे पंख छाटणारा कायदा २६३ मतांनी घेतला, झेलेन्स्कीने त्याच दिवशी सही ठोकली. आणि त्याच संध्याकाळी पोरंपोरी फाडलेल्या खोक्यांचे पुठ्ठे घेऊन रस्त्यावर, कीवला फ्रांको थिएटरपाशी, ल्विव्हला, द्निप्रोला, ओदेसाला. वर ड्रोन कधी येईल सांगता येत नाही, बाराला कर्फ्यू, म्हणून त्याआधी घोषणा आटपून घरी, दुसऱ्या दिवशी परत हजर. ३१ तारखेला ३३१ मतांनी कायदा उलटा फिरवला. नोव्हेंबरमध्ये टेपा बाहेर आल्यावर जुलैतली घाई कशाची होती याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

"मी असतो तर एकेकाला..." कर्नल.

"तू असतास तर बूट शोधत बसला असतास," मुग्धा.

पश्या आता जरा नरमला होता. म्हणाला, "म्हणजे झेलेन्स्की चोर की साव, एक काय ते सांग."

"मला काय माहीत? पडद्यावर प्रामाणिक राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून लोकांनी निवडून दिला, आता आसपासची माणसं बघ कशी निघतायत. माणूस चांगला आहे का हे मी कधीच विचारत नाही, मी व्हाउचर मागते. नाबू तेवढंच करतेय."

तेव्हा दिग्याने दिवसातलं दुसरं वाक्य खर्च केलं. "मग तो मिंडिच कसा निसटला? झेलेन्स्कीच्या जुन्या कंपनीतला भागीदार, आणि झडतीच्या काही तास आधी देशाबाहेर?"

मुग्धाकडे उत्तर नव्हतं. "ते मलाही खटकतं," एवढंच म्हणाली. वाद तिथे खरं तर रंगायला हवा होता, पण पश्याच्या डोक्यात भलतंच पेटलं.

"कर्नल, रविवारपर्यंत ट्रेकचा हिशोब आण नाहीतर झडती घेऊ."

"आणतो की. डायरीत आहे सगळं."

"रविवारी हा गावाला जाणार बघा," मास्तर फरशीवरून मान न वर करता. "आधी पासपोर्ट काढून घ्या."

"पासपोर्ट नाहीये माझा!" कर्नल खरोखर दुखावला.

"म्हणून तर अजून इथे दिसतोयस," मुग्धा म्हणाली, आणि नानांना इतका ठसका लागला की पाठ थोपटायला दोघांना उठावं लागलं, त्यात दिग्याचा पाय मास्तरांच्या अंड्यांवर पडला आणि गणित पुसलं गेलं. मास्तर म्हणाले टेक्निकल चूक.