पाठीवर अंडी, तरी तो बापच

नमस्कार. तळ्यातल्या किड्यांचे दोन फोटो मी टाकले होते; पहिल्याखाली ‘पाठीवर अंडी वाहणारा बाप’ आणि दुसऱ्याखाली ‘चतुराचं पिल्लू’ असं लिहिलं होतं. त्यावर ‘पहिल्या फोटोतला किडा पाणविंचू आहे, पाठीवर अंडी म्हणजे मादी, तिला बाप काय म्हणता? आणि टाचणीच्या (चतुरासारख्याच, पण सडपातळ किड्याच्या) पिल्लाला चतुर म्हणणाऱ्याने इतरांना ओळख शिकवू नये. असले किडे काढून तळ्यात डासांच्या अळ्या खाणारे गॅम्बुसिया मासे सोडावेत’, असं तुम्ही लिहिलंत.

टाचणीचा टोला बरोबर बसला. दुसऱ्या फोटोतल्या पिल्लाच्या शेपटीला पानांसारखे तीन कल्ले चक्क दिसताहेत, आणि मी खाली ‘चतुर’ लिहून मोकळा! चतुराच्या पिल्लाचे कल्ले गुदाशयात, म्हणजे आत असतात. ते मागून पाणी ओढून घेतं आणि जिवावर बेतलं की तेच पाणी जोरात फेकून पुढे सटकतं. ओळ दुरुस्त केली आहे.

पाणविंचवाचं मात्र मला पटलं नाही. पाणविंचू आणि माझ्या पहिल्या फोटोतला किडा, पुढचे पाय दोघांचे पकडीसारखे, रंग दोघांचा कुजक्या पानाचा, म्हणून घोळ होतो. अशा वेळी मी किडा श्वास कुठून घेतो ते बघतो. पाणविंचवाच्या मागे लांब, बारीक नळी असते; तिचं टोक पाण्याबाहेर काढून तो हवा घेतो. (लोक तिला नांगी समजतात. तो चावतो तो तोंडाकडच्या सोंडेनं.) माझ्या फोटोत तसली नळी नाही. तो डिप्लोनिकस नावाचा वेगळा पाणकिडा, जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरचा. त्याच्या मागे हवा घ्यायच्या दोन आखूड पट्ट्या असतात, त्याही सहसा नजरेस पडत नाहीत.

अंडी पाहून पूर्वी कीटकशास्त्रज्ञांचीही तुमच्यासारखीच समजूत झाली होती. याच कुळातल्या अमेरिकी किड्यांवर १८९९ साली फ्लॉरेन्स वेल्स स्लेटर यांनी लिहिलं, की अंडी वाहतो तो नर. मादी त्याच्या पंखांवर अंडी चिकटवते आणि आपल्या वाटेनं जाते. मग पिल्लं बाहेर पडेपर्यंत हा त्यांना हवा मिळावी म्हणून पाण्याच्या पृष्ठभागाशी येतो, मागचे पाय अंड्यांवरून फिरवतो. पंख अंड्यांखाली अडकलेले, त्यामुळे तोवर उडणंही बंद.

राहिले मासे. डासांच्या अळ्या हा किडाही खातो आणि चतुराची पिल्लंही खातात. गॅम्बुसिया या पिल्लांनाच गिळतो, बेडकांच्या पिल्लांनाही सोडत नाही. गच्चीवरच्या टाकीत सोडलेत तर माझी तक्रार नाही, तळ्यात नको.

तुमच्याकडचा किडा पांढऱ्या ताटलीत घेऊन मागच्या बाजूचा फोटो पाठवा, बघू. बोट मात्र लांब ठेवा. चावला की चांगलंच झोंबतं, स्वानुभव आहे.