तिसरीच्या बाईंच्या कमरेला पिस्तूल?

काल रात्री घरच्या ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड आला: 'अमेरिकेतले शाळांमधले गोळीबार एका दिवसात थांबतील. प्रत्येक शिक्षकाला पिस्तूल द्या. इस्रायलने दिलं, प्रश्न मिटला.' खाली अकरा अंगठे. ग्रुपमध्ये टेक्ससच्या शाळेत पोर घालणारी मी एकटीच, म्हणून लिहिते.

काका, टेक्ससमध्ये शिक्षकांनी शाळेत हत्यार बाळगायची सोय 2013 च्या कायद्यातच आहे. आणि उवाल्डे गाव त्याच टेक्ससमध्ये. 24 मे 2022 ला तिथल्या रॉब एलिमेंटरी या प्राथमिक शाळेतल्या गोळीबारात 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. राज्याच्या विधिमंडळ समितीचा चौकशी अहवाल वाचा. शाळेवर 376 पोलीस जमले होते. पहिले तर काही मिनिटांतच आत शिरले होते, तरी हल्लेखोराला मारेपर्यंत 77 मिनिटं गेली. वर्गातून मुलं 911 या आपत्कालीन नंबरला फोन लावत होती आणि रायफली घेतलेले, प्रशिक्षण झालेले लोक व्हरांड्यात उभे. आता म्हणे बाईंनी एका हाताने वीस पोरं कोपऱ्यात लोटायची आणि दुसऱ्या हाताने नेम धरायचा! तिथल्या 111 नंबरच्या वर्गाचं कुलूप नीट लागत नाही, हे शाळेत माहीत होतं. दुरुस्तीची साधी लेखी मागणीसुद्धा गेली नव्हती. पिस्तुलं राहू द्या, आधी कुलूपवाला बोलवा.

इस्रायलचं म्हणाल तर तिथे शाळेच्या फाटकावर पहारेकरी असतो. बाई फळ्यावरच लिहितात.

हत्यारी माणसाचा काहीच उपयोग नाही, असं मात्र म्हणवत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अपालाची हायस्कूलमध्ये शाळेवर नेमलेले पोलीस समोर येताच गोळीबार करणारा 14 वर्षांचा मुलगा शरण आला. तोवर चौघं गेले होते.

फॉरवर्डमध्ये नसलेला प्रश्न: पोराच्या हातात बंदूक येते कुठून? उवाल्डेच्या मुलाने अठरा पूर्ण होताच रीतसर विकत घेतली. पण 2008 ते 2017 मधले शाळांवरचे 41 हल्ले सीक्रेट सर्व्हिस या अमेरिकी सरकारच्या सुरक्षा संस्थेने तपासले, त्यात बंदूक वापरणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश जणांनी ती आईबापांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातून आणली होती. मिशिगन राज्यातल्या ऑक्सफर्डमध्ये 2021 साली शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलाला बापानेच चार दिवस आधी पिस्तूल घेऊन दिलं होतं. आईबाप दोघंही आज तुरुंगात आहेत.

लेकाला कुणाकडे खेळायला पाठवताना मी विचारते, 'घरात बंदूक आहे का? कुलपात असते ना?' पहिल्या वेळी जीभ अडखळली होती. समोरच्या आईने काही न बोलता कपाट उघडून कुलूप ओढून दाखवलं. आता शेंगदाण्याच्या ॲलर्जीबरोबरच विचारून टाकते.