एकच घाट, जाताना पण आणि येताना पण

थंडी पडायला लागली की पुण्यात राईडचे प्लॅन सुरू होतात आणि दरवर्षी तोच गोल फिरवला जातो. सकाळी निघायचं, ताम्हिणी उतरायचा, माणगावला जेवायचं, हायवेने महाड गाठायचं, तिथून वरंधा चढायचा आणि भोरमार्गे रात्री घरी. मॅपवर छान गोल दिसतो, एका दिवसात दोन घाट होतात, किलोमीटर तीनशेच्या आसपास जातात, त्यामुळे सगळे खूश. मला हा प्रकार अजिबात पटत नाही, आणि दोनतीन जणांनी मेसेज करून "डे राईडला कुठे जाऊ" असं विचारलंय म्हणून आज सविस्तरच लिहिते.

माझं म्हणणं एवढंच आहे की एका दिवसाला एक घाट पुरे, आणि ज्या रस्त्याने गेलात त्याच रस्त्याने परत या.

हे म्हटलं की लगेच समोरून येतं, अगं पण तोच रस्ता परत कशाला, बोअर नाही का होणार. नाही होत. घाट उतरणं आणि तोच घाट चढणं हे गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने दोन वेगळे रस्ते आहेत. ज्या पट्ट्यात उतरताना तुम्ही दरीकडच्या बाजूला असता तिथेच येताना डोंगराला लागून असता, उतरताना सगळं लक्ष ब्रेकवर आणि पुढच्या वळणावर, चढताना गाडीला ओढ लागते, मान वर जाते आणि सकाळी डोक्यावर असलेला कडा तेव्हा पहिल्यांदा नीट दिसतो.

उदाहरण म्हणून वरंधाच घेते कारण तो मला सगळ्यात जवळचा. माझं आजोळ महाडकडचं, लहानपणी मे महिन्यात भोरवरून जाणाऱ्या एसटीने हाच घाट उतरायचो, खिडकीजवळच्या जागेसाठी भांडणं व्हायची आणि आई म्हणायची खाली बघू नकोस, मळमळेल. आता स्वतःच्या पल्सरवर जाते तेव्हा खाली बघायची सक्त मनाई मी स्वतःलाच करते, बघायचं असेल तर गाडी बाजूला लावून उतरायचं आणि मग हवं तेवढं बघायचं.

रस्ता असा. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळला हायवे सोडायचा. हायवेचा हा तुकडा लवकर उरकलेला बरा, म्हणून सहाच्या आत निघा. कापूरहोळ ते भोरच्या वाटेवर नीरा नदी गळ्यातल्या हारासारखी वळलेली दिसते, तिथे आता सगळे थांबतात, नेकलेस पॉइंट म्हणतात त्याला. थांबा, फोटो काढा, पण तिथे तासभर घालवू नका, पुढे याच नदीची खूप सोबत आहे. भोर पुण्यापासून साधारण 50 किमी. पंतसचिवांच्या संस्थानाचं गाव, राजवाडा अजून उभा आहे. भोरमध्ये नाश्ता करायचा आणि टाकी फुल करायची, ही दोन कामं विसरायची नाहीत, कारण पुढे घाट उतरून बिरवाडी-महाडकडे जाईपर्यंत पेट्रोलचा भरवसा नाही आणि मोबाईलची रेंजही मधेच जाते.

भोर सोडलं की नीरा देवघर धरणाचं पाणी लागतं आणि इथून खरी राईड सुरू होते. घाट अजून लांब आहे पण रस्ता डोंगराच्या कुशीतून पाण्याच्या कडेने वळत वळत जातो, निगुडघर, हिर्डोशी, शिरगाव अशी गावं येतात. बरेच जण हा पट्टा "घाट कधी येतो" म्हणत पळवत नेतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण नोव्हेंबरमध्ये इथे भाताची कापणी-झोडणी चालू असते, खाचरं पिवळी असतात, उतारावर नाचणी असते आणि मागे धरण काठोकाठ भरलेलं. शिरगावच्या बाजूलाच नीरेचा उगम. म्हणजे सकाळी ज्या नदीचे फोटो काढलेत तिच्या उगमापर्यंत तुम्ही दोन-अडीच तासात पोचता, आणि एवढ्याशा पाण्यापासून पुढे बारामती-फलटणच्या शेतांपर्यंत काय काय होतं ते डोळ्यासमोर येतं. काही ठिकाणी लोक पेंढा रस्त्याच्याच कडेला वाळत घालतात. टायर त्याच्यावर गेला आणि ब्रेक लावला तर घसरणार, त्यामुळे तिथे हळू जा आणि त्यांच्यावर हॉर्न वाजवून चिडू नका, ते त्यांचं गाव आहे आणि त्यांचं वर्षाचं पीक आहे.

मग अचानक जमीन संपते. इकडून येणाऱ्याला हा घाट असाच भेटतो, आधी काही सांगत नाही, एक वळण घेता आणि समोर एकदम कोकण. सकाळी नऊच्या सुमाराला खाली धुकं भरलेलं असतं आणि डोंगराच्या धारा तेवढ्या वर असतात. सह्याद्रीचा हा कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे, त्यामुळे सकाळी तो पूर्ण सावलीत असतो, काळा-निळा, थंड, तपशील काही दिसत नाही. हाच कडा दुपारी तीन-साडेतीनला बघा. ऊन सरळ त्याच्या अंगावर पडतं आणि थर न् थर उघडा होतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक वाहत गेला आणि थिजला, त्याचेच हे आडवे पट्टे, मधेच कुठे लालसर मातीची रेघ, कठीण थराचा उभा कडा आणि त्याच्या खालच्या मऊ थरावर झाडीची ओळ. सकाळी यातलं काहीही दिसत नाही. गोल मारणारे लोक हा घाट अंधार पडता पडता चढतात त्यांना तर कधीच नाही दिसत. तोच घाट दोनदा करायचं माझं पहिलं कारण हे आहे.

दुसरं कारण उन्हाचंच आहे पण डोळ्यांसाठी. भोरहून पश्चिमेला सकाळी निघालात तर सूर्य पाठीशी, दुपारी पूर्वेला परत आलात तरी सूर्य पाठीशीच. वळणांमध्ये थोडं इकडेतिकडे होतं पण दिवसभरात समोरून तिरीप डोळ्यात जात नाही. दुचाकीवर हा किती मोठा फायदा आहे ते ज्याने संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून गाडी चालवलीय त्याला विचारा.

तिसरं कारण म्हणजे सुरक्षितता, आणि यावर मी जरा जास्त बोलणार. सकाळी उतरताना तुम्हाला रस्ता कळलेला असतो. कुठल्या वळणाच्या आतल्या बाजूला खडी आलीय, कुठे डांबर उखडलंय, कुठे झाडाच्या सावलीत ओल राहते, कुठे काम चालू आहे. परतताना हे सगळं डोक्यात असतं. नवीन घाट, दिवसभराचा थकवा आणि संधिप्रकाश, हे तीन एकत्र आले की काय होतं ते आपण बातम्यांत वाचतो. गोलाच्या प्लॅनमध्ये हे तिन्ही बरोबर शेवटच्या घाटात एकत्र येतात.

उतरण्याबद्दल. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, दुसरा म्हणजे दुसरा, इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक वळणाआधी लावायचा तेवढाच. न्यूट्रल टाकून किंवा क्लच दाबून पेट्रोल वाचवत उतरणारे लोक मी बघते आणि पोटात गोळा येतो. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो आणि नेमका खालच्या वळणांवर कमी पडतो. वळणाच्या आत शिरल्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, स्पीड आधीच कमी करून मग गाडी वळवायची आणि नजर वळण जिथे सुटतं तिकडे ठेवायची. डावीकडच्या तीव्र वळणात स्पीड जास्त असला की गाडी आपोआप समोरच्याच्या अर्ध्या रस्त्यात जाते आणि उजवीकडच्या वळणात माणूस मुद्दाम आत कापतो, दोन्हीत समोरून एसटी आली तर तुम्हाला जागाच नाही. एसटीला अशा वळणावर पूर्ण रस्ता लागतो, ड्रायव्हरचा नाईलाज असतो, आपण आधी थांबून त्यांना जाऊ द्यायचं. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला पहिला मान, हा नियम आहे आणि त्यामागे कारण आहे, चढावर थांबलेली भरलेली गाडी परत उचलणं अवघड असतं. हेल्मेट मागच्यालाही हवं हे वेगळं लिहायची वेळ येऊ नये, पण येते.

घाटात मधे वाघजाईचं देऊळ आहे. तिथे चहा-भजीच्या टपऱ्या असतात, कातळात खोदलेली पाण्याची जुनी टाकी आहेत आणि वरती कावळ्या किल्ला, ज्याची सोंड, म्हणजे डोंगराची पुढे आलेली धार, कापून इंग्रजांच्या काळात हा रस्ता काढला. आपण ज्याला नुसता घाट म्हणतो ती खरं तर घाटमाथा आणि बंदरं जोडणारी जुनी वाट आहे, आणि किल्ला होता तो त्या वाटेवर नजर ठेवायला. इथे सकाळी चहा घ्या आणि येताना परत इथेच घ्या. दुसऱ्यांदा थांबलात की टपरीवरच्या मावशी आपणहून बोलतात, पाऊस कसा झाला, रस्ता कधी बंद होता, धंदा कसा बुडाला, पोरगं कुठल्या कंपनीत लागलं. एकदाच थांबून पुढे गेलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही. आणि माकडांना खायला घालू नका, प्लीज. वेफर्सच्या पाकिटांमुळे ती रस्त्याच्या मधोमध येऊन बसतात, गाड्यांखाली येतात, आणि दुचाकीवाल्यांच्या बॅगा ओढायला लागतात. मुलांना गंमत दाखवायला म्हणून गाडीच्या खिडकीतून केळी टाकणाऱ्यांना मी प्रत्येक वेळी सांगते आणि पुढेही सांगणार.

खाली उतरलात की महाडपर्यंत जायची गरज नाही, पुढे एमआयडीसी आणि ट्रॅफिक. त्यापेक्षा शिवथरघळीला वळा. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला असं मानतात, ते या जागेला सुंदरमठ म्हणायचे, आणि मधल्या काळात ठिकाण विस्मरणात गेलं होतं ते धुळ्याच्या शंकरराव देवांनी 1930 साली शोधून काढलं. पावसाळ्यात शेजारचा धबधबा इतका जोरात असतो की बोललेलं ऐकू येत नाही, हिवाळ्यात शांत असतं. घळीच्या आत गारवा असतो. तासभर बसा. फोन बाजूला ठेवा. मी देवभोळी नाही पण तिथे बसलं की चारही बाजूंनी उभे डोंगर बघून कळतं की एखाद्याला लिहायला हीच जागा का सुचली असेल. मग दोनपर्यंत निघा, म्हणजे कड्यावर ऊन असताना तुम्ही घाटात असाल आणि हिवाळ्यात सहाला अंधार पडायच्या आत भोरला पोचाल.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायचीय. हा सगळा भाग बघायला सुंदर आहे तितकाच धोक्याचा आहे आणि इथे माणसं राहतात. 22 जुलै 2021 ला याच महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, 80 पेक्षा जास्त माणसं गेली. उभा उतार, त्यावर मातीचा थर, खडकाच्या भेगांत मुरणारं पाणी आणि दोन दिवसांत कोसळणारा पाऊस. त्यामुळे भर जुलैमध्ये "धबधबे बघायला वरंधा राईड" अशा पोस्ट दिसल्या की मला खरंच राग येतो. तिथे रेस्क्यूला जावं लागतं ते आसपासच्या गावातल्या पोरांना. आणि पंधरावीस बाईकचा ग्रुप, सायलेन्सर बदललेले, दरीत घुमणारा आवाज, हे तर कुठल्याच महिन्यात नको. तीनचार गाड्या पुरे, एकमेकांना आरशात दिसतील एवढं अंतर ठेवायचं, आणि कोणी मागे राहिलं तर पुढच्या गावात थांबायचं, वळणावर नाही.

निघायच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे का ते नक्की बघा. पावसाळ्यात प्रशासन हा रस्ता बंद करतं, कधी फक्त अवजड गाड्यांना, कधी सगळ्यांनाच, आणि दरड काढायचं किंवा रुंदीकरणाचं काम असलं तर इतर वेळीही. भोरमध्ये नाश्ता करताना तिथल्या लोकांना विचारलं तरी कळतं. बंद असेल तर बॅरिकेडच्या बाजूने बाईक काढायची नाही. भोरहूनच अंबवड्याकडे वळा, तिथला जुना झुलता पूल आणि नागेश्वराचं देऊळ बघा आणि पुढे कोर्ल्यावरून रायरेश्वराच्या पायथ्यापर्यंत जा. तो रस्ताही वळणांचाच आहे, गर्दी कमी, आणि परत यायचं असतं ते त्याच वाटेने.