महागडे लग्न लवकर मोडते, हे संशोधनाने सिद्ध केलेले नाही

गेली अनेक वर्षे एक दावा सतत फिरतो आहे. अमेरिकेतील संशोधकांनी म्हणे सिद्ध केले आहे की साखरपुड्याच्या अंगठीवर आणि लग्नसोहळ्यावर जितका अधिक खर्च, तितका घटस्फोट लवकर. सोहळा २०,००० डॉलरच्या पुढे गेला तर धोका साडेतीनपट होतो, १,००० डॉलरच्या आत उरकला तर संसार टिकतो. पाहुणे मात्र २०० हून अधिक असावेत आणि मधुचंद्र चुकवू नये. आकडे नेमके असल्यामुळे हा दावा वजनदार वाटतो, आणि साधेपणाने लग्न करणाऱ्यांना तो सुखावणाराही आहे. मलाही साधी लग्ने आवडतात. परंतु आपल्या आवडीला पोषक आहे म्हणून एखादे विधान खरे ठरत नाही, आणि ज्या अभ्यासाचे नाव घेऊन हे सांगितले जाते, तो अभ्यास एवढे सांगतच नाही.

हा अभ्यास अँड्र्यू फ्रान्सिस-टॅन आणि ह्यूगो मियालॉन या अर्थशास्त्रज्ञांचा. अटलांटा येथील एमरी विद्यापीठातून तो २०१४ मध्ये प्रथम बाहेर आला आणि २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक इन्क्वायरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील, आयुष्यात एकदा तरी विवाह केलेल्या ३,००० हून अधिक व्यक्तींना प्रश्नावली देऊन त्यांच्या लग्नाचा खर्च आणि विवाहाचा कालावधी यांचा संबंध त्यात तपासला आहे. काम प्रामाणिक आहे. लेखकांनी आपल्या निष्कर्षासाठी वापरलेला शब्दही सावध आहे: खर्च आणि विवाहाची मुदत यांचे नाते व्यस्त दिसते, एवढेच ते म्हणतात. पुढची सगळी भर घातली ती सांगणाऱ्यांनी.

दाव्यातील पहिले विधान असे की ‘महागडी अंगठी घटस्फोटाला कारणीभूत ठरते.’ मूळ आकडा पाहू. पुरुषांच्या नमुन्यात, ज्यांनी अंगठीवर २,००० ते ४,००० डॉलर खर्च केले, त्यांचा घटस्फोटाचा जोखीमदर ५०० ते २,००० डॉलर खर्च करणाऱ्यांच्या १.३ पट आढळला. जोखीमदर म्हणजे त्या घटकेपर्यंत टिकलेल्या विवाहांपैकी किती विवाह त्या काळात मोडतात, याचे प्रमाण. एक कल्पित हिशेब मांडू. स्वस्त अंगठीच्या गटात दर वर्षी टिकलेल्या १०० विवाहांपैकी २ मोडतात असे धरले, तर दहा वर्षांनी १०० पैकी सुमारे ८२ विवाह शाबूत असतील. महाग अंगठीच्या गटात हा दर २.६ होईल आणि दहा वर्षांनी सुमारे ७७ विवाह शाबूत असतील. म्हणजे ज्या फरकावरून ‘अंगठी संसार मोडते’ असे छातीठोकपणे सांगितले जाते, तो फरक या हिशेबात शंभरात पाच जोडप्यांचा आहे आणि दोन्ही गटांतील बहुतेक जोडपी एकत्रच आहेत. शिवाय हा आकडा एका विशिष्ट खर्चगटाची दुसऱ्या गटाशी केलेली तुलना आहे. प्रत्येक वाढीव डॉलरमागे धोका पायरीपायरीने चढत जातो, असे त्यातून निघत नाही.

‘२०,००० डॉलरच्या पुढे साडेतीनपट धोका’ हे दुसरे विधान इतक्या सहज बाजूला सारता येत नाही, आणि तसे सारूही नये. वरच्याच हिशेबात २ च्या जागी ७ घातले तर दहा वर्षांनी १०० पैकी जेमतेम ४८ विवाह उरतात. फरक मोठा आहे, म्हणूनच तो कुठून आला हे बारकाईने पाहायला हवे. हा आकडा फक्त स्त्रियांच्या नमुन्यातला आहे आणि तुलना ५,००० ते १०,००० डॉलर खर्चाच्या गटाशी आहे. सांगताना मात्र तो सर्वांना सरसकट लावला जातो. नमुना आधी स्त्री-पुरुषांत आणि मग खर्चाच्या गटांत वाटला की प्रत्येक कप्प्यात माणसे कमी उरतात, आणि कमी माणसांवरून काढलेला गुणक अधिक डळमळीत असतो. कप्पे अनेक असले की त्यांतला एखादा ठळक आकडा निव्वळ योगायोगाने वर येण्याची शक्यताही वाढते. बातमीत जातो तो नेमका हाच सर्वांत ठळक आकडा.

त्यात आठवणीचा प्रश्न आहे. ही माहिती नोंदवह्यांतून काढलेली नाही. ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या मंचावर, थोड्या मोबदल्यात, संगणकासमोर बसून लोकांनी ती भरली. घटस्फोट होऊन गेलेली एखादी स्त्री त्या प्रश्नाशी थांबली आहे, अशी कल्पना करा: तुमच्या लग्नसोहळ्याला एकूण किती खर्च आला? सभागृह, जेवण, कपडे, फुले यांची बेरीज तिला आता मनातल्या मनात करायची आहे, आणि तो सारा खर्च वाया गेला ही जाणीव त्या बेरजेत मिसळलेली आहे. सुखाने नांदणाऱ्या स्त्रीलाही तीच बेरीज करायची आहे, पण तिच्या मनात रकमेऐवजी तो दिवस आहे. दोघींपैकी कोणी खोटे बोलत नसले तरी दोघींच्या चुका एकाच दिशेने होतील याची खात्री नाही. शिवाय अशा मंचावर जमणारे लोक म्हणजे साऱ्या अमेरिकेचे प्रातिनिधिक चित्र नव्हे. जे विवाह अलीकडचे आहेत, त्यांची पुढची वीस-तीस वर्षे कोणत्याच प्रश्नावलीत दिसू शकत नाहीत. त्यांच्यातले दिसतात ते फक्त लवकर मोडलेले विवाह.

माझा मुख्य आक्षेप मात्र कार्यकारणभावाबद्दल आहे. लेखकांनी उत्पन्न, शिक्षण, लग्नाआधीच्या सहवासाचा काळ यांसारख्या अनेक गोष्टी हिशेबात धरल्या आणि मग खर्चाचा संबंध पाहिला. हे योग्यच केले, पण त्यामुळे आकड्याचा अर्थ बदलतो, हे सांगणारे विसरतात. उत्पन्न समान धरल्यावर ‘अधिक खर्चाचे लग्न’ याचा अर्थ ‘ऐपतीच्या मानाने अधिक खर्चाचे लग्न’ असा होतो. समान कमाईची दोन जोडपी घ्या. एकाने बेताने खर्च केला आणि दुसऱ्याने त्याच्या चौपट. या दोघांत फक्त सोहळ्याचा फरक आहे का? चौपट खर्च करणाऱ्यांवर कदाचित घरच्यांचा दबाव असेल, लोकांना दाखवण्याची ओढ असेल, पैशांबाबत दोघांची मते जुळत नसतील, किंवा नात्याविषयीची शंका थाटामाटाखाली झाकण्याची धडपडही असेल. यांतली प्रत्येक गोष्ट खर्चही वाढवू शकते आणि संसारही पोखरू शकते. तशा जोडप्याने कोणाचे ऐकून सोहळा लहान केला, तरी दबाव, ओढ आणि मतभेद जागच्या जागी राहतील. जोडप्यांना चिठ्ठ्या टाकून महाग आणि स्वस्त लग्ने वाटून देता येत नाहीत, त्यामुळे ही गाठ या पद्धतीने सुटणे फार कठीण आहे. म्हणूनच ‘१,००० डॉलरच्या आत लग्न उरका, संसार टिकेल’ हा सल्ला या अभ्यासातून काढणे चूक आहे.

पाहुण्यांचे आणि मधुचंद्राचे विधान तर त्याच माणसांकडून, त्याच श्वासात, उलट्या निकषाने मांडले जाते. २०० हून अधिक पाहुणे असलेल्यांत घटस्फोटाचा धोका, कोणालाही न बोलावता लग्न केलेल्या जोडप्यांच्या मानाने ९२ टक्क्यांनी कमी, असा आकडा त्याच अभ्यासाच्या आधारे फिरतो. डेन्व्हर विद्यापीठातील गॅलेना रोड्स आणि स्कॉट स्टॅनली यांच्या २०१४ मधील अहवालातही असाच कल दिसला होता. ४१८ विवाहितांपैकी ज्यांच्या लग्नाला १५० किंवा अधिक पाहुणे होते, त्यांच्यातील ४७ टक्के जण वैवाहिक समाधानाच्या वरच्या श्रेणीत होते, तर ५० किंवा त्याहून कमी पाहुणे असलेल्यांपैकी ३१ टक्के. पण ज्यांना २०० माणसे बोलावता येतात, त्यांच्यापाशी मुळात २०० माणसे असतात. दोन्ही घरांची संमती, मित्रांचा गोतावळा, अडीअडचणीला धावून येणारे नातलग हे सारे लग्नाच्या आधीपासून आहे आणि नंतरही राहणार आहे. अनोळखी माणसांनी सभागृह भरून हा आधार निर्माण होत नाही. शिवाय पाहुणे वाढले की खर्चही बहुधा वाढतो, तेव्हा ‘खर्च कमी, पाहुणे अधिक’ हा सल्ला देणाऱ्याने दोन्ही एकदम कसे साधायचे हेही सांगायला हवे. मधुचंद्राच्या बाबतीत वेगळे काही म्हणायचे नाही: ज्यांना कामातून सुटी आणि हाताशी थोडी शिल्लक असते, ते जातात.

या सगळ्यावर कोणी म्हणेल, मग अंगठी जितकी महाग तितके नाते पक्के, हे सराफांचे म्हणणे खरे मानायचे का? नाही. उलट दावा तर याहूनही कच्चा आहे. डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीसाठी एन. डब्ल्यू. आयर या जाहिरातसंस्थेने १९३८ पासून हिरा आणि विवाह यांची सांगड घालण्याचे काम हाती घेतले. हिरा चिरंतन आहे, हे घोषवाक्य १९४७ मध्ये तिथल्याच फ्रान्सिस गेरेटी यांनी लिहिले. पुढे १९८० च्या दशकात अंगठीसाठी दोन महिन्यांचा पगार हा मापदंड जाहिरातींतूनच रुजवला गेला. अंगठीची किंमत निष्ठेचे प्रमाण असते, या समजुतीला विवाहाच्या मुदतीचा कोणताही पुरावा कधी जोडलेला नव्हता. कायद्याच्या अभ्यासक मार्गारेट ब्रिनिग यांनी १९९० च्या एका शोधनिबंधात अंगठीचे वेगळे स्पष्टीकरण मांडले आहे. लग्नाचे वचन मोडणाऱ्यावर दावा लावण्याचा हक्क अमेरिकेतील राज्ये १९३५ पासून रद्द करू लागली, सुरुवात इंडियानाने केली, आणि त्यानंतर महाग अंगठी हे वचनाचे तारण म्हणून उपयोगी पडू लागले. हे स्पष्टीकरण मानले, तर अंगठीचे काम साखरपुडा ते लग्न एवढ्याच काळाचे ठरते; लग्नानंतरच्या तीस वर्षांची हमी तिने कधी घेतलेलीच नव्हती. फ्रान्सिस-टॅन आणि मियालॉन यांच्या अभ्यासाचे खरे मोल इथे आहे. विवाह-उद्योगाच्या या संदेशाला आकडे दुजोरा देत नाहीत, हे त्यांनी दाखवले आणि ते पुरेसे महत्त्वाचे आहे. एखादे विधान खोटे ठरले म्हणून त्याच्या नेमके उलटे विधान आपोआप खरे होत नाही.

त्या अभ्यासातल्या ज्या भागाची चर्चा व्हायला हवी होती, तो मात्र कोणी पुढे पाठवत नाही. २,००० ते ४,००० डॉलरची अंगठी घेणाऱ्यांत, ५०० ते २,००० डॉलरच्या गटाच्या तुलनेत, लग्नापायी झालेल्या कर्जाचा ताण जाणवण्याची शक्यता दोन ते तीनपट आढळली, आणि १,००० डॉलरच्या आत लग्न करणाऱ्यांत तो ताण फारच कमी आढळला. इथेही संबंधच मोजला आहे, पण निदान कारणाची साखळी डोळ्यांसमोर आहे: कर्ज, हप्ते, हप्त्यांवरून कुरबुर. जेफ्री ड्यू, सोन्या ब्रिट आणि सँड्रा ह्यूस्टन यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतील चार हजारांहून अधिक जोडप्यांच्या माहितीवरून दाखवले, की घरकाम, सासर-माहेर यांसारख्या नेहमीच्या भांडणांच्या मानाने पैशांवरून होणारी भांडणे घटस्फोटाचे अधिक बळकट पूर्वचिन्ह ठरतात. हे पूर्वचिन्ह लग्नाच्या खर्चाची पावती पाहून मिळत नाही, ते दोघांच्या रोजच्या वागण्यातून मिळते. ज्या जोडप्याने कर्ज न काढता, एकमताने, आपल्याच शिलकीतून मोठा सोहळा केला, त्याला साडेतीनपट धोक्याची भीती घालण्याला या दोन्ही अभ्यासांत आधार नाही. आणि ज्याने उधारीवर १,००० डॉलरचे लग्न केले आणि त्या उधारीवरून पहिल्याच महिन्यात अबोला धरला, त्याला ‘तुमचे लग्न स्वस्तात झाले, काळजी नको’ असे सांगण्यालाही नाही.